‘डोंगरात अंदाज चालत नाही’ असं सांगणाऱ्यांना

हिवाळी हिमालयात जाणाऱ्याला हवामानाच्या अंदाजाची गरज नाही, असं एक मत आपल्या गिर्यारोहकांत चांगलंच रुजलं आहे. परवा नाशिक रोडला, बिटको चौकाजवळच्या एका सभागृहात स्लाइड शो संपल्यावर, आमच्या एका ज्येष्ठ मित्रांनी तेच पुन्हा मांडलं. अंदाज कधी खरा ठरत नाही, डोंगराचं हवामान डोंगरालाच ठाऊक, तेव्हा तिथे पोचल्यावर आकाश बघावं, गाववाल्याला विचारावं आणि पाऊल उचलावं, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. समोर बसलेल्या पंचविशीतल्या मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली बरीचशी जानेवारीत केदारकंठाला निघाली आहेत. दोघं-तिघं गुलमर्गला स्कीचे धडे गिरवून आली आहेत आणि या खेपेला आखलेला उतार सोडून मोकळ्या डोंगरावरच्या ताज्या बर्फात उतरायचं म्हणताहेत. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, म्हणून हे उत्तर खासगीत न देता जाहीरपणे देतो आहे.

या मित्रांचा अधिकार मी नाकारत नाही. आमच्यातल्या अनेकांनी दोराची पहिली गाठ त्यांच्याकडून घेतली. अंजनेरी, हरिहर, साल्हेर त्यांनी सगळ्या ऋतूंत पाहिले आहेत. सह्याद्रीत ढग पाहून ते जे सांगतात ते बहुतेक वेळा खरं होतं. पण सह्याद्रीत मिळवलेला हा विश्वास जसाच्या तसा हिमालयातल्या बर्फावर नेऊन ठेवणं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते.

आधी या अविश्वासाचं मूळ पाहू. ते आपल्या पावसाळ्यात आहे. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटरांचा असतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर तो तासा-दीड तासात उभा राहतो, एखाद्या भागाला झोडपतो आणि मोकळा होतो. पंचवटीत रस्ते वाहतात आणि जेल रोडला धुरळा उडत असतो. अमुक वाजता अमुक वस्तीवर गारा पडतील, हे आदल्या दिवशी जगातलं कुठलंही हवामान केंद्र सांगू शकत नाही. त्यात आपल्या जिल्ह्याचा भूगोल असा, की नाशिक रोडहून रेल्वेने पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला सिन्नरकडे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. जिल्ह्याला मिळून एक अंदाज दिला की तो कुणाच्या ना कुणाच्या दारात खोटा पडणारच. पिढ्यान् पिढ्या हे पाहिलेल्या माणसाने हवामान खात्यावर विश्वास ठेवला नाही, तर मी त्याला दोष देणार नाही.

हिवाळ्यात हिमालयात पडणारा बर्फ मात्र त्या वळवाच्या जातीचा नाही. तो येतो पश्चिमी झंझावातांतून. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या पट्ट्यात उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांत एक खोलगट लाट तयार होते आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेकडे सरकते. वाटेत ती ओलावा उचलते, आपल्या अरबी समुद्रावरूनही उचलते, आणि पीर पंजालला धडकली की हवा वर ढकलली जाऊन बर्फ पडू लागतो. अशी लाट शेकडो, कधी हजारांहून अधिक किलोमीटर पसरलेली असते. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा लाटा येतात. इतकी मोठी गोष्ट लपून येत नाही. उपग्रहाला ती दिसते, गणिती प्रारूपांना ती कळते, आणि तीन-चार दिवस आधी तिच्याविषयी बरंच काही भरवशाने सांगता येतं. कुठल्या दिवशी हवा बिघडेल, साधारण केव्हा जोर धरेल, केव्हा ओसरेल, मागून वारा कुठून येईल, हे आधी कळतं. नेमक्या कुठल्या दरीत किती सेंटिमीटर बर्फ साचेल, ते मात्र नीट कळत नाही.

आता विचार करा, डोंगरात चाललेल्या माणसाला यातलं काय हवं असतं? तीस सेंटिमीटर की पंचेचाळीस, यावर त्याचं मरण-जगणं सहसा ठरत नाही. बुधवारी संध्याकाळी हवा फिरणार आहे, तेव्हा बुधवारी सकाळी खाली निघायचं की वरच्या तळाकडे, यावर ते ठरतं. म्हणजे जिवाशी थेट गाठ असलेल्या प्रश्नाचं उत्तर हिवाळी अंदाज इतर कशाहीपेक्षा चांगलं देतो. तेच आपण फेकून देतो आहोत, आणि कारण काय, तर जूनमध्ये नाशकात पाऊस सांगितला होता तो पडला नाही.

याच झंझावातांवर नजर ठेवून जगणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. झंझावात उत्तरेतून पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि एक-दोन दिवसांत निफाडचा पारा कोसळतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत येतो. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो आहे, हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला कामाचं असतं, कारण मण्यांत पाणी भरलेलं असताना पारा घसरला तर मणी तडकतात. तो पहाटे ठिबक सुरू करतो, बांधावर शेकोट्या पेटवतो. ढगाळ हवामान सांगितलं असेल तर भुरी-डावणीची फवारणी पुढेमागे करतो. अंदाज त्यालाही फसवतो. एखादी फवारणी वाया जाते, पैसे जातात. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा अंदाज बघतो, कारण दहांतल्या सात वेळा बरोबर येणारी सूचना आणि काहीच सूचना नसणं यांत बाग वाचणं आणि जाणं इतकं अंतर आहे, हे त्याने हिशेबाने शिकून घेतलं आहे. पिकाच्या बाबतीत जे तारतम्य आपल्या शेतकऱ्याकडे आहे, ते स्वतःच्या जिवाच्या बाबतीत आपल्या गिर्यारोहकाने सोडून द्यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या काहींशी मी नंतर बोललो, तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली. अंदाज नको म्हणणारी ही मुलं मोबाइलवरचं चित्र मात्र बघतातच. सांकरी, उणे दोन, ढगाआड सूर्य. ते चित्र चुकलं की अंदाज चुकला, असं त्यांच्या लेखी होतं. इथे मी ज्येष्ठ मित्रांच्या बाजूने बोलेन. हे चित्र पाहून डोंगरात जाऊ नये. केदारकंठाच्या पायथ्याचं सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, केदारकंठाचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर, आणि नकाशावर दोहोंत सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर आहेत. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे सांकरीला उणे दोन असेल तेव्हा माथ्यावर उणे चौदा धरावे लागतात, आणि वारा सुटला की अंगाला जाणवणारी थंडी त्याच्याही कितीतरी खाली जाते. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. त्याच्या माथ्यापेक्षा सांकरीची घरं उंचावर आहेत. पायथा आणि माथा यांत ऋतू बदलावा इतका फरक पडतो, हा अनुभवच आपल्या डोंगरांनी आपल्याला दिलेला नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कामाला लागली. तिच्या गणितातला एक चौकोन सहा किलोमीटरांचा आहे. आधीच्या प्रारूपात तो बारा किलोमीटरांचा होता. ही प्रगती मोठी आहे आणि ती आपल्या शेजारच्या शहरात झाली याचा मला अभिमान वाटतो. पण सहा किलोमीटरांच्या चौकोनातही सांकरी आणि केदारकंठा जवळजवळ एकत्र येतात. दरी, कडा, सावलीचा उतार, उन्हाचा उतार, सगळ्यांची सरासरी होते. म्हणून डोंगरात आकडा वाचायचा नसतो, उंची वाचायची असते. बर्फाची सीमारेषा किती मीटरवर, वरच्या धारेवर वारा किती आणि कुठून, पुढच्या बहात्तर तासांत कल कुठे, हे बघायचं. वितळवलं तर एक मिलिमीटर पाणी होईल तिथे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर ताजा बर्फ असतो, थंडी कडक असेल तर दीड-दोन. पत्रकात वीस मिलिमीटर लिहिलं असेल तर कडक थंडीत गुडघ्याला लागेल इतका बर्फ वाट अडवून बसू शकतो. हे वाचायला शिकवणं आमच्या पिढीचं काम होतं. ते न करता वाचूच नका असं सांगणं हा सोपा मार्ग झाला.

आता ज्येष्ठ मित्रांच्या मुख्य सल्ल्याकडे येतो. आकाश बघा, म्हणतात. पदभ्रमण करणाऱ्याला हा सल्ला निदान अर्धा तरी उपयोगी आहे. केदारकंठाची नेहमीची वाट बरीचशी जंगलातून जाते. तिथला धोका थंडीचा, वाट हरवण्याचा, विरळ हवेचा. पण जी मुलं स्की घेऊन मोकळ्या उतारावर जाणार आहेत, त्यांच्यासाठी तो सल्ला उलटा आहे. हिमस्खलनात माणसं सापडतात ती फार वेळा वादळ सरल्यानंतरच्या निळ्या, लख्ख दिवशी. वादळात कुणी स्की करत नाही. हवा उघडते, ताजा बर्फ चमकतो, सगळे बाहेर पडतात, आणि तोवर वरच्या थराला खालच्या थराशी घट्ट बसायला वेळच मिळालेला नसतो.

बर्फ थराथरांनी साचतो आणि प्रत्येक थराला आपला इतिहास असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि पुढे बरेच आठवडे कोरडी थंडी राहिली, तर जमिनीची ऊब आणि वरची कडाक्याची थंडी यांच्या फरकामुळे आतल्या कणांचं रूप पालटतं. ते मोठे, कोनदार होतात आणि खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे एकमेकांना न धरता सुटे राहतात. त्यावर मग झंझावात येतो आणि एका दमात दोन-तीन फूट बर्फ टाकून जातो. वर जड पाटी, खाली सुटा चुरा. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनाने ती पाटी तडकते आणि पूर्ण रुंदीने सुटते. स्की करणाऱ्यांना आवडणारे उतार नेमके याच कोनाचे असतात. भर म्हणून वाऱ्याचीही करणी असते. झंझावातात वारा बहुधा दक्षिण-पश्चिमेकडून येतो आणि बर्फ उचलून धारेच्या पलीकडे, उत्तर आणि पूर्वेच्या उतारांवर नेऊन टाकतो. तिथे ऊन कमी लागतं म्हणून बर्फ भुसभुशीत राहतो, आणि स्कीवाल्यांची पावलं तिकडेच वळतात. यातलं काय काय आकाश बघून कळतं? काहीच नाही. हे कळायला मागच्या सहा आठवड्यांचं हवामान माहीत लागतं, परवाचा वारा कुठून होता ते माहीत लागतं, आणि खणून पाहिलेल्या बर्फाची नोंद लागते. हीच माहिती हिमस्खलनाच्या पत्रकात असते.

२०२४चा गुलमर्ग आठवा. जानेवारी उलटत आला तरी तिथे बर्फ नव्हता. तपकिरी कुरणांची छायाचित्रं देशभर फिरली. मग महिना सरता सरता झंझावात सुरू झाले आणि फेब्रुवारीत बर्फाचे ढीग पडले. सगळीकडे आनंद होता, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ चालू होते, परदेशी स्कीपटू आले होते. २२ फेब्रुवारीला आखलेल्या उतारांबाहेर हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीपटूचा त्यात अंत झाला. बाकीच्यांना बाहेर काढता आलं. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ला, तिथेच अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोघे गेले होते. त्या उतारांवर नेमका कुठला थर सुटला हे मी इथे बसून सांगणार नाही. पण कोरडा जानेवारी आणि त्यावर भरभरून आलेला फेब्रुवारी ही जोडी बर्फाची जाण असलेल्या कुणालाही दचकवणारी आहे, आणि ती घरबसल्या, अंदाजांच्या नोंदींवरून दिसते. ती दिसायला चाळीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

गाववाल्याला विचारा, हाही सल्ला वरवर नम्र वाटतो. मला त्यात दोन अडचणी दिसतात. पहिली इतिहासाची. हिमालयातली मेंढपाळ माणसं, गद्दी असोत, गुज्जर-बकरवाल असोत की उत्तराखंडातले वनगुज्जर, हिवाळा लागला की जनावरं घेऊन खाली उतरतात. वरच्या कुरणांचं त्यांचं ज्ञान अफाट आहे, पण ते मुख्यतः उन्हाळ्या-पावसाळ्याचं आहे. भर जानेवारीत चार हजार मीटरच्या आसपास हौसेने चढणं ही त्यांची रीत कधीच नव्हती. परंपरेला विचाराल तर परंपरा सांगेल, या दिवसांत वर कशाला जाता? पर्यटकांचे हिवाळी मार्ग गेल्या दोन-तीन दशकांतले आहेत. त्यांच्यामागे शेकडो वर्षांचं शहाणपण उभं आहे असं समजणं ही आपण आपली घातलेली समजूत आहे.

दुसरी अडचण पोटाची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सांकरीच्या किंवा गुलमर्गखालच्या तंगमर्गच्या वाटाड्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत येतो. वीस जणांची तुकडी हजार-दीड हजार किलोमीटरवरून आली आहे, पैसे भरलेले आहेत, परतीचं तिकीट ठरलेलं आहे. अशा वेळी तो ‘नका जाऊ’ कुणाच्या बळावर म्हणेल? तो म्हणालाच तर पुढच्या वर्षी तुकडी दुसऱ्याकडे जाईल, हे त्याला पक्कं माहीत असतं. निर्णयाचं सगळं ओझं गावच्या पोरावर टाकायचं आणि त्याला स्थानिक ज्ञानाचा आदर म्हणायचं, हे मला पटत नाही. छापील पत्रक हातात असेल, तर त्या मुलाला नकार द्यायला आधार मिळतो. अंदाज त्याच्या ज्ञानाच्या विरोधात उभा नसतो, त्याच्या पाठीशी उभा असतो.

राहिला अनुभव. ८ फेब्रुवारी २०१०ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणातले सतरा जवान हिमस्खलनात गेले. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा–२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीवर स्खलन कोसळलं आणि एकोणतीस जण गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं गाठली होती. बर्फावरची या देशातली सर्वांत तयार माणसं ही. त्यांच्यावर बोट ठेवायला मी हे सांगत नाही, तसा हक्क मला नाही. मी एवढंच विचारतो, की त्यांच्या अनुभवापुढे आपल्या सहा-सात हिवाळी फेऱ्या कुठे उभ्या राहतात?

इशारा बरोबर असतो आणि तरी माणसं जातात, याचं सगळ्यांत वेदनादायक उदाहरण बद्रीनाथजवळच्या माणाचं आहे. २७ फेब्रुवारी २०२५च्या संध्याकाळी चंदीगडच्या संरक्षण भूमाहिती संशोधन संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या डोंगराळ जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर पुढच्या चोवीस तासांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा रस्ते संघटनेच्या कामाच्या तळावर बर्फ आला. चोपन्न कामगार अडकले, शेहेचाळीस वाचले, आठ जण गेले. ते मजूर होते. तिथे राहायचं की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. आपल्या हातात ते असतं. आपण हौसेने जातो, आणि हौसेने जाणाऱ्याला इशारा न वाचण्याची सबब नसते.

माणाचा तो इशारा देणारी संस्था काल-परवाची नाही. १९६९ साली मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यासासाठी जी लष्करी संशोधन संस्था सुरू झाली, तिचंच काम २०२० पासून संरक्षण भूमाहिती संशोधन संस्था या नव्या नावाखाली चालतं. हवामान विभागाने २०२१ मध्ये मुक्तेश्वर आणि कुफरीला डॉप्लर रडार बसवले, त्याच्या काही दिवस आधी लेहला केंद्र उघडलं. तरी जे आहे ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. डोंगर रडारचा किरण अडवतात, उंचावर निरीक्षण केंद्रं विरळ आहेत, आणि सर्वसामान्यांपर्यंत येणारा हिमस्खलनाचा इशारा जिल्ह्याच्या मापाचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळच्या वाइसफ्लूयोखवर १९३६ पासून बर्फाचा अभ्यास चालला आहे. तिथलं पत्रक हिवाळाभर रोज निघतं आणि कुठल्या उंचीच्या वर, कुठल्या दिशेच्या उतारांवर, कुठल्या प्रकारचा धोका, हे नकाशावर दाखवतं. आपल्याला तसं पत्रक हवं आहे, हिंदीत हवं, मराठीतही हवं, कारण गुलमर्ग-मनाली-औलीला जाणाऱ्यांत मराठी माणसं कमी नाहीत. ही मागणी आपण गिर्यारोहण संस्थांनी एकमुखाने केली पाहिजे. पण अंदाज वाचूच नका असं एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे चांगल्या अंदाजाची मागणी करायची, हे जमायचं नाही. वाचणारा नसेल तर पत्रक कोण सुधारेल?

प्रत्येक इशाऱ्याला थांबलो तर डोंगरात कधी जाणारच नाही, असा शेवटचा मुद्दा मांडला गेला. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक मे २०१९ मध्ये कांचनजुंगाच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरच्या शिखरांवर माथ्याचा दिवस वाऱ्याचा अंदाज पाहूनच ठरवला जातो. जगातल्या सगळ्या मोठ्या मोहिमा आज याच रीतीने चालतात, आणि म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक माणसं माथा गाठून जिवंत परततात. आल्प्समध्ये धोक्याची पाचपैकी तिसरी पातळी असताना लोक घरी बसत नाहीत. ते त्या दिवसापुरते तीस अंशांहून सौम्य उतार निवडतात, दाट जंगलाच्या बाजूने उतरतात, एका वेळी एकच जण उतारावर जातो. स्विस वाटाड्या वेर्नर मुंटर यांनी तर पातळी आणि उताराचा कोन यांची सांगड घालून निर्णयाची पद्धतच बसवली. अंदाज आपल्याला डोंगराचा कुठला भाग आज मोकळा आहे ते दाखवतो. तो न वाचणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात, सगळीकडे जायचं किंवा कुठेच नाही.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल मार्गावर बावीस जणांची तुकडी परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडली. नऊ जण गेले, बहुतेक कर्नाटकातून आलेले. हिमस्खलन नव्हतं, कडा नव्हता. वारा, बर्फ आणि थंडी यांनीच त्यांना गाठलं. त्या बातमीनंतर नाशकात आपण सगळे हळहळलो. आठवड्याने पुन्हा पुढच्या तुकडीच्या नावनोंदणीला लागलो, आणि तुकडीच्या नियमांत एका ओळीचाही बदल केला नाही. राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालीच आलं आहे, नोंदणी आली, कागद आले. पण माघार कोणी, केव्हा, कशाच्या आधारावर ठरवायची, हे तुकडी निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर वाचून दाखवणारा आयोजक मला क्वचित भेटतो.

म्हणून ज्येष्ठ मित्रांना आणि नाशिक परिसरातल्या सगळ्या आयोजकांना माझं थेट सांगणं आहे. जानेवारीच्या तुकडीचं परिपत्रक अजून छापायचं आहे. त्यात लिहा, की निघण्याच्या आधी तीन दिवस आणि वाटेतल्या शेवटच्या नेटवर्कच्या गावात हवामान विभागाचं आणि हिमस्खलनाचं पत्रक मोठ्याने वाचलं जाईल. नारिंगी इशारा असेल तर वरचा तळ लावला जाणार नाही, लाल असेल तर तुकडी गावातच थांबेल, आणि या कारणाने मोहीम थांबली तर वाटाड्याचे पूर्ण पैसे दिले जातील. ही शेवटची ओळ गाळू नका, सगळं त्या ओळीवर उभं आहे. स्कीवाल्या मुलांसाठी वेगळं कलम हवं. गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाच्या पाठीवर, आणि ती वापरायचा सराव झाल्याशिवाय आखलेल्या उताराबाहेर पाऊल नाही. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. पस्तीस मिनिटं झाली की तिघांतला जेमतेम एक वाचतो. इतक्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारचा साथीदारच खणतो.

आणि नाशिक रोडहून पंजाब मेलची किंवा मंगलाची तिकिटं काढताना परतीची तारीख दोन दिवस पुढची धरा. आजवर वादळात वर गेलेल्या कित्येक तुकड्यांना मी कारण विचारलं, तेव्हा उत्तर एकच मिळालं, की दुसऱ्या दिवशीची गाडी होती.